मड्याची शपथ

मुक्काम काकिनाड्याच्या पुढं, नदीच्या तोंडाशी
१८ फेब्रुवारी १९९६

थोरल्या बहिणीस, बाईस यशवंताचा नमस्कार.

पोचलो. आपल्या गावचे आमी आठही जण एकाच झोपडीत राहतो. तब्येत बरी आहे, पोट बरं नाही. सकाळी भात, दुपारी भात, संध्याकाळी उरलेला भात. जवारी मिळते का म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणे, तुमच्याकडं बैल आहेत का? भाकरीसाठी म्हटलं तर हसून हसून खाली बसला.

हसायचं निमित्तच पाहिजे या लोकांले. आपलं बोलणं "करून राह्यलो, जाऊन राह्यलो". तेलगूत झिंग्यांले म्हणतात रोय्यलू. तर मी तोंड उघडलं की यांले वाटते हा दर वाक्याले झिंगे विकून राह्यला. आता माहं नावच रोय्यलू पडलं. चौथीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणले होते, नाव काढशील. काढलं.

इथं आपली गोदावरी समुद्राले मिळते. आपल्या कडेम नदीचं पाणी शेवटी इथंच येते म्हण ना. पण मिळते कशी? सकाळी समुद्राकडं जाते, दुपारी उलटी घराकडं येते, पुन्हा जाते. रुसलेल्या सुनेसारखं. पाणी धड गोड नाही, धड खारं नाही. पहिल्या दिवशी मी धोतर धुवायले ठेवलं ते उलट्या दिशेनं वाहून गेलं.

काम म्हणशील तर मडं तोडायचं. मालकाले झिंग्यांची तळी खोदायची आहेत अन पाहावं तिकडं मडंच मडं. काळी वेगळी, पांढरी वेगळी. कमरेएवढ्या चिखलात उभीच्या उभी. त्यांची बोटं चिखलातून वर आलेली असतात, हजारो, श्वास घ्यायले. पायाले टोचतात. आमचा मुकादम अप्पन्ना मेस्त्री म्हणते, आधी बोटं छाटा, मग बुडाशी घाव घाला. ओलं असलं तर नुसता धूर. वाळलं की मस्त पेटते. नरसम्मा म्हणून म्हातारी आमचं जेवण रांधते, ती मडाच्याच जाळावर.

आता मुद्द्याचं. कोळ्यांच्या वाडीसमोर मडाचा एक पट्टा राह्यला आहे. तो पावसाआधी साफ केला तर मालक मले तळ्यांच्या पाण्याच्या दारांवर राखणीले ठेवणार. बांधावर विटांची खोली देणार. पक्की, वर पत्रा. मग रुख्मिणीले घेऊन येतो. लग्नाले दीड वरीस झालं, त्यातले तीन महिने मी तिले पाह्यलं. तिले सांग, पेटी भरून ठेव.

तुहा यशवंता

●

बाजारहत्नूर
९ मार्च १९९६

चि. यशवंतास बयनाबाईचा आशीर्वाद.

तुहं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. सगळ्यांच्या घरचं माणूस तुह्यासंगं आहे म्हणून सगळ्या बाया जमल्या होत्या. झिंग्यांपर्यंत हसल्या. पुढं वाचलं अन सगळ्या ओट्यावरून उठल्या.

काऊन रे? चांगल्या घरचं लेकरू, अन मडं तोडते? माणसं मेली तर त्यांले जाळावं, पुरावं, ज्याच्या त्याच्या रीतीनं करावं. चिखलात उभी काऊन ठेवतात? अन ती श्वास घेतात म्हणतोस! श्वास घेते त्याची तू बोटं छाटतोस? अन त्याच जाळावरचं अन्न खाता? सुधाकरची माय जयवंताबाई उलटी करून आली. लेकाचं नाव घेऊन रडून राह्यली.

तुहे भाऊजी म्हणे तिथं नदीतून वाहून आलेली असतील. असतील. वाहून आलेल्याले पोलीस पाटील असते, तू काऊन?

आमी आठही जणींनी माहूरच्या रेणुकेची शपथ घातली आहे. पिवळ्या फडक्यात तांदूळ अन हळकुंड बांधून आठ गाठी देव्हाऱ्याच्या खुंटीले टांगल्या. मड्याले हात लावशील तर माहं मेलं तोंड पाहशील. बाकीच्यांलेही हेच सांग, ज्याच्या त्याच्या घरच्या बाईची शपथ त्याले लागू. ज्याची गाठ त्यानं स्वतः माहूरले जाऊन सोडायची, तोवर शपथ सुटत नाही, तुले ठाऊक आहे.

रुख्मिणीनं पेटी भरली नाही. भरू देणार नाही.

बयनाबाई

●

२७ मार्च १९९६

बाई,

मड म्हणजे झाड! झाड, झाड, झाड! खाऱ्या चिखलात उगवते ते झाड. तेलगूत त्याले मड म्हणतात. एक झाड, दोन झाडं. एक मड, दोन मडं. बोटं म्हणजे मुळ्या. चिखलात हवा नसते म्हणून मुळ्या वर काढते. पानं असतात, फुलं येतात, मधमाश्या बसतात. म्हशी पाला खातात. मेलेल्या माणसाचा पाला खातात का म्हशी?

तू म्हणशील, मग झाड काऊन नाही लिवलं? अवं, इथं सगळे मडच म्हणतात, माह्याही तोंडात तेच बसलं. अन तुले एवढं वाचता येते तर एवढं समजू नये? नदीच्या तोंडाशी मैलभर मडी उभी करून ठेवतील, असं कोणतं राज्य आहे हे?

पण खरा गाढव मीच. तुहं पत्र आलं ते मी टोळीले वाचून दाखवलं. हसतील म्हणून. कोणी हसलं नाही. शपथ अन गाठ आली तसा सुधाकर उठला, कुऱ्हाड भिंतीले टेकवली अन म्हणे, "आपण नाही बाप्पा. जयवंताबाईनं गाठ मारली म्हणजे मारली." मी म्हटलं, "अरे, झाड आहे! रोज तोडतोस ना तू!" म्हणे, "झाड आहे ते मले ठाऊक. देवीपुढं नाव कोणतं घेतलं? मड घेतलं ना? मग?" आठांतले सात बसले. मी आठवा. बसलो नाही, पण कुऱ्हाड काही उचलली नाही. हात पुढं गेला की तुहं तोंड दिसते.

अप्पन्ना येऊन विचारते, काय झालं? त्याले काय सांगू? आमच्या भाषेत तुमचं झाड मेलेलं असते, असं सांगू? सांगितलं तर त्यानं वाडीभर सांगितलं. आता पोरं माह्यामागं जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग करतात.

मालक तापला आहे. पट्टा तसाच उभा आहे. हे पत्र मिळाल्याबरोबर शपथ मागं घे अन तसं लिव. मास्तराकडून लिवून घे, सही घे, अंगठे घे, काय पाहिजे ते घे.

यशवंता

●

२० एप्रिल १९९६

चि. यशवंतास आशीर्वाद.

ओरडू नको. कागद फाटला होता तुह्या पेनानं.

झाड असेल तर असेल. मी काही पाह्यलं नाही. तू लहानपणी शाळेत जातो म्हणून कडेमच्या डोहात पोहायले जायचा अन अंगावरचं पाणी दाखवून घाम आला म्हणायचा. तेव्हा तुह्या झाडावर माहा विश्वास किती बसावा ते तूच सांग. इथं कोणी म्हणते, मड्यांचं काम लपवायले झाड म्हणते. मी तसं म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, शपथ सही-अंगठ्यानं सुटत नाही. ती काय तहसीलचा कागद आहे? सुधाकरले अक्कल आहे, तुले नाही. गाठ सोडायची तर ये, मोटारीत बस, माहूरले जाऊन सोड.

बाकी ठीक. भाऊजींनी यंदा कापूस वाढवला. रुख्मिणी बरी आहे. भाकर जात नाही तिले, चिंचा मात्र सारख्या खाते.

अन त्या म्हातारीले सांग, त्या लाकडावर रांधू नको म्हणा. झाड असलं तरी.

बयनाबाई

●

२ जुलै १९९६

बाई,

तीन महिने लिवलं नाही. लिवण्यासारखं तोंड ठेवलं नाहीस तू.

उन्हाळ्यात झिंगे मेले. खोदून झालेल्या दोन्ही तळ्यांतले. अंगावर पांढरे ठिपके येतात अन तीन दिवसांत तळंच्या तळं काठाले लागते. सगळी घाण दारं उघडून नदीत सोडली. नदी तर कशी आहे ते सांगितलं ना, दुपारी घेऊन आली परत. आमी ती फावड्यानं उचलली. मालक म्हणते, मडं तोडायची नाहीत ना तुमाले, मग ही उचला, हिची शपथ नाही घातली ना कोणी?

वाडीची विहीर खारी झाली. तळ्यांतलं पाणी जमिनीतून झिरपते. नरसम्मा मलेच शिव्या घालते, जशी तळी माह्या बापानं खोदली. म्हणे, "रोय्यलू, तुह्या झिंग्यांले मीठ पाहिजे, माह्या वरणाले नाही." वरण खरंच शिजत नाही त्या पाण्यात. चार तास उकळलं तरी डाळ दातांत वाजते. प्यायचं पाणी दोन कोसांवरून सायकलीवर आणतात.

जंगल खात्याचे लोक येऊन पाटी लावून गेले. लाल अक्षरात, मडं तोडायची नाहीत म्हणून. पाटी लावायले खांब कशाचा? मडाचाच! तोडूनच लावला. आता अप्पन्ना त्या पाटीवर लुंगी वाळत घालते.

अन ऐक. मालकानं मशीन आणलं. अर्धा पट्टा चार दिवसांत उलटा केला. मग पाऊस आला, मशीन चिखलात रुतलं, ते काढायलेच आठ दिवस गेले. राह्यलेला अर्धा, नरसम्माच्या वाडीसमोरचा, आता पाऊस संपल्यावर. झालं असं की खोली बांधून झाली, साफ केलेल्या जागेच्या बांधावर, विटांची, वर पत्रा, खिडकीले गज. अन तिच्यात राहायले गेला अप्पन्ना. दारांवरही तोच. मी बाहेरून पाहून राह्यलो. आपल्याच हातानं विटा वाहिल्या तिच्या.

तुह्या पिवळ्या फडक्यानं माही खोली गेली, बाई. झाडासाठी! ज्याले तू पाह्यलंही नाही. अजून सांगतो, शपथ मागं घे. राह्यलेला पट्टा मी तोडला तर मालक दुसरी खोली देईन म्हणते.

रुख्मिणी नुसत्या चिंचा काऊन खाते? भाजी मिळत नाही का तुमाले? भाऊजींले म्हणा, सगळ्या वावरात कापूसच घालू नका.

यशवंता

●

२० जुलै १९९६

गाढवा,

बाईमाणूस चिंचा खाते म्हणून लिवलं तर तुले भाजी सुचते! माही पत्रं टोळीपुढं वाचली जातात म्हणून मी झाकून लिवलं. आता उघडं लिवते, वाच मोठ्यानं. रुख्मिणीले सातवा महिना लागला आहे. दसऱ्याच्या आसपास तू बाप होशील. झाडाले मडं म्हणते अन पोटुशीले उपाशी समजते असा बाप.

विहीर खारी झाली म्हणतोस. वरण शिजत नाही म्हणतोस. दोन कोसांवरून पाणी. अन तिथं तू खोलीसाठी रडतोस? कोणाले ठेवणार होतास त्या खोलीत?

शपथ आहे तशीच आहे. गाठ खुंटीवर आहे. पुन्हा विचारू नको.

बयनाबाई

●

१४ नोव्हेंबर १९९६

बाईस यशवंताचा साष्टांग नमस्कार.

मी जिता आहे. आठही जण जिते आहो. हे आधी सगळ्यांच्या घरी सांगून ये, मग पुढचं वाच. मोठ्यानं वाचू नको.

पोरगी झाल्याचं तुहं कार्ड दिवाळीआधी मिळालं होतं. सात तारखेले निघायचं ठरवलं होतं. नरसम्मानं पोरीसाठी शिंपल्यांची माळ केली, "काळी आहे का गोरी?" म्हणून चार वेळा विचारलं. सहा तारखेले सकाळपासून वारा सुटला. दुपारी नदी घराकडं आली, रोजच्यासारखी. फक्त परत गेली नाही.

तुफानाचं रेडिओवर ऐकलं असशील. मी ते सांगत बसत नाही. आमी वाडीत होतो, नरसम्माच्या घरात, कारण झोपडी सोडली तर आमाले दुसरं धड घर नव्हतं. समुद्र आत आला तो त्या राह्यलेल्या मडाच्या पट्ट्यात शिरला. तिथून पुढं आला तो गुडघ्याएवढा होऊन आला. छपरं उडाली. कडेची दोन घरं बसली. नरसम्माची म्हैस गेली, त्याचा ती अजून हिशेब विचारते, समुद्राले अन मले. पण माणसं आहेत. मी मोजली, मग पुन्हा मोजली.

पट्ट्याच्या ज्या बाजूले मशीन फिरलं होतं तिथं मोजायले काही नाही. तळी नाहीत, बांध नाही. खोली नाही. विटांची होती, बाई, पक्की. अप्पन्ना सांजेपर्यंत तळ्यांची दारं बंद करून राह्यला होता. मी ओरडलो, वाडीत ये म्हणून. तो हसून म्हणे, "तुह्या झोपडीत? माही पक्की आहे रे, रोय्यलू!"

तिसऱ्या दिवशी तो सापडला. पाणी ओसरलं तेव्हा. मडाच्या पट्ट्यात, आतपर्यंत वाहून आला होता, अन मुळ्यांत अडकला होता. त्या बोटांनी धरून ठेवलं होतं त्याले. त्याची बायको तिच्या गावाहून एकटीच चालत आली होती, काठावर उभी होती. तिच्या गावची माणसं पोचली नव्हती, वाडीतले आपापलं काढून राह्यले होते. आमी आठ जण तिथं उभे. सुधाकरनं माह्याकडं पाह्यलं, मी सुधाकरकडं. ती आमच्याकडं पाहून राह्यली होती. तिले काय ठाऊक पिवळं फडकं.

मी आत गेलो. मुळ्या तोडाव्या लागल्या नाहीत, हातानं सोडवल्या एकेक. खांद्यावर घेऊन आलो. त्याले आंघोळ घातली, त्याच्या रीतीनं केलं.

आता ऐक. झाडाची शपथ म्हणून मी तुह्यावर आठ महिने ओरडलो. पण तू जे म्हटलं होतं तेच मी केलं. झाडाले नाही लावला, मड्याले लावला हात. खरोखरच्या. तुही शपथ मोडली, बाई.

त्या दिवसापासून मले झोप नाही. मले माहूर-बिहूर काही कळत नाही, तू म्हणशील तो बकरा कापतो, म्हणशील तेवढं चालत जातो. पण हे पत्र मिळाल्याबरोबर तू बरी आहेस एवढं लिव. भाऊजींच्या हातचं नको, तुह्या हातचं पाहिजे. रस्ते तुटले आहेत, गाड्या बंद आहेत, नाहीतर मीच आलो असतो.

खोलीचा उंबरा तेवढा शिल्लक आहे. त्याच्यावर बसून लिवून राह्यलो.

यशवंता

●

२४ नोव्हेंबर १९९६

चि. यशवंतास बयनाबाईचे अनेक आशीर्वाद.

माहंच अक्षर आहे, पाहून घे. 'य' ची शेपटी मी अशीच काढते.

तुही शपथ मोडली नाही. मोडायले ती उरलीच नव्हती. वटपौर्णिमेच्या आधी निर्मलचे शामराव मास्तर आले होते, तेलगू शाळेतले. त्यांले विचारलं, मड म्हणजे काय हो? ते म्हणे, समुद्राकाठचं झाड. म्हणजे तू खरं बोलत होतास, जन्मात पहिल्यांदा. मग वटपौर्णिमा झाली तशी मी अन जयवंताबाई माहूरले गेलो, आठही गाठी सोडल्या. देवीले सांगितलं, आमच्या कानाचा दोष होता. तुमी आठ जण संगं नव्हते म्हणून देवीनं काही अडवलं नाही.

तुले कळवणारच होती. पत्र अर्धं लिवलंही होतं. तेवढ्यात तुहं आलं, विहीर खारी झाल्याचं. इकडं रुख्मिणीचं पोट पुढं आलेलं, अन ती चोरून पेटी भरून राह्यलेली, तू बोलावलं की निघायले. मी ते अर्धं पत्र चुलीत घातलं. शपथ आहे तशीच आहे म्हणून लिवलं. जयवंताबाईले बजावलं, तोंड उघडशील तर याद राख. बाकीच्यांले तिनं बजावलं. देवीच्या नावानं खोटं बोलली मी, त्याचं माहं मी पाहून घेईन. तुह्या खोलीचं पाप घेतलं म्हणून तू मले बोललास, मी ऐकून घेतलं. आता खोलीबद्दल तूही बोलू नको, मीही बोलत नाही.

रुख्मिणीले तुहं पत्र मी वाचून दाखवलं. हळू आवाजात. अप्पन्नाचं आलं तिथं तिनं मांडीवरची पोरगी उचलून घेतली अन उठून आत गेली. थोड्या वेळानं पेटी ओढत आणली, उघडली अन लुगडी एकेक काढून दांडीवर टाकली. म्हणे, "त्यांले म्हणा, आता तुमीच तुमची पेटी भरा."

अप्पन्नाच्या बायकोले काही लागलं तर विचार. तिले भाषा येत नसली तरी विचार.

मड्याले हात लावला ते बरं केलंस. कोणीतरी लावायलेच पाहिजे होता. मी पहिल्या पत्रात लिवलं होतं ना, ज्याच्या त्याच्या रीतीनं करावं म्हणून. तेवढं एक माहं ऐकलंस.

पोरीचं नाव ठेवलं नाही. बाप आल्याशिवाय ठेवत नाही. ती काळी आहे, नरसम्माले सांग.

अन माहं तोंड जितं आहे. तुह्यावर रागानं लाल झालं आहे. रस्ते उघडले की येऊन पाह्य.

बयनाबाई